विमानवाल्या डॉक्टरबाई

दात दुखतो म्हणून आमच्या दवाखान्यात आलेला नवा पेशंट काही क्षण दात विसरायचा. दार उघडलं की समोरच्या भिंतीला टेकून माणसापेक्षा उंच असं विमानाच्या पंख्याचं पातं उभं असायचं, टोक वाकलेलं. बाकड्यांच्या वर भिंतीवर विमानातली उंची, वेग दाखवणारे काचेचे गोल काटे, एक फुटका दिवा, रबर नसलेलं चाक, जळून काळा पडलेला एक पाइप. कोपऱ्यात वैमानिकाची खुर्ची, पट्ट्यांसकट. तिच्यावर बसू नये असा काही नियम नव्हता, पण कुणी बसत नसे. गालावर हात धरून आलेली माणसं मान वर करून सगळं बघायची आणि मग माझ्या टेबलाकडे वाकून हळूच विचारायची, "इथे दातांचेच डॉक्टर असतात ना?"

"दातांचेच," मी म्हणायची. "बसा, बोलावते."

गंगापूर रोडच्या मागच्या एका गल्लीत तो दवाखाना होता. खाली दवाखाना, वर मॅडम एकट्या राहायच्या. मी बी.कॉम. झाल्यावर तात्पुरतं काहीतरी म्हणून तिथे लागले आणि लग्न होऊन सिन्नरला जाईपर्यंत राहिले. पेशंट त्यांना डॉक्टरबाई म्हणत, गल्लीतली माणसं त्यांच्या पाठीमागे विमानबाई म्हणत. मी मॅडम म्हणायची. त्यांचं वय तेव्हा साठीच्या आसपास असेल. उंच, सडसडीत, केस आखूड, डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर कायम चढवलेलं दात तपासायचं भिंग. ते लावूनच त्या कधीकधी भाजी आणायला जात आणि भाजीवालीच्या मेथीची जुडी उलटी करून मुळं बघत.

उलटं करून बघणं हा त्यांचा स्वभाव होता. कुणी एखादा तुकडा विकायला आणला की त्या पुढची बाजू बघतच नसत. "पुढून सगळेच घासतात," त्या म्हणायच्या, "दात असो नाहीतर पत्रा. मला मागून दाखवा." मग दात तपासायची ती बारीक टोकदार सळई घेऊन रंगाचा कोपरा अगदी हलक्या हाताने खरवडायच्या. वरच्या रंगाखाली विमानाच्या पत्र्याला लावतात तो पिवळट हिरवा थर निघाला की त्यांचा चेहरा सैल पडायचा. नाही निघाला की तुकडा परत.

आणि प्रश्न एकच. "हे कुठून आणलंत?"

"भंगार बाजारातून."

"आणि त्याआधी?"

"त्याआधी... ओझरकडच्या एका माणसाकडे होतं म्हणे."

"आणि त्याआधी?"

दोन-तीन वेळा 'त्याआधी' झालं की भलीभली माणसं घाम पुसायची. पेशंटचीही यातून सुटका नव्हती. दाढ कधीपासून दुखते? त्याआधी? शेवटी पेशंट कबूल व्हायचा की गेल्या दिवाळीत चकली खाताना कळ आली होती आणि तेव्हापासून तो एकाच बाजूने जेवतो.

एकदा एक जाडजूड गृहस्थ पेटीत कापूस घालून एक काटा घेऊन आले. युद्धातल्या विमानाचा आहे, उंची दाखवतो, असं त्यांनी घसा साफ करून सांगितलं. मॅडमनी तो हातात घेतला, उलटा केला, वास घेतला आणि माझ्याकडे दिला. "तूच सांग." मला काय कळणार? मी आपली मान हलवली. मॅडम गृहस्थांना म्हणाल्या, "हा ट्रॅक्टरचा आहे. ऑइलचा दाब दाखवतो. लासलगावला कांदे वाहून वाहून दमलाय बिचारा, आकाशात कधी गेलेला नाही." गृहस्थ चिडले नाहीत, उलट हसले, आणि आलोच आहे तर म्हणून एक दाढ दाखवून गेले.

दिवसभर लोकांच्या तोंडात कवळ्या बसवणारी ही बाई खोट्या वस्तूच्या बाबतीत इतकी कडक कशी, हे कोडं मी एकदा त्यांनाच घातलं. त्या हात धूत होत्या. म्हणाल्या, "कवळी लावणाऱ्याला माहीत असतं की ती कवळी आहे. फसवणूक कुणाचीच नाही."

वस्तू पुसायलाही त्यांची परवानगी लागे. घासायला तर ती मिळतच नसे. झाडपूस करणाऱ्या मावशींनी एका दिवाळीत मायेने दोन पितळी तोट्या चिंच लावून लखलखीत केल्या आणि मॅडमना कौतुकाने दाखवल्या. मॅडम बघतच राहिल्या. तोट्यांवरचं ते काळपट तेल ज्या आकाशातून आलं होतं तिथून परत येणार नव्हतं. पण मावशींना त्या एवढंच म्हणाल्या, "छान झालंय. आता दमलात, बाकीचं राहू द्या." त्या दुपारी त्या जेवायला वर गेल्या नाहीत. तोट्या मात्र भिंतीवर तशाच राहिल्या, चमकत. कुणी विचारलं तर सांगायच्या, "खऱ्या आहेत, फक्त आमच्याकडे दिवाळी झाली."

हा नाद लागला कसा, याची त्या वेगवेगळी उत्तरं देत. मला पटलेलं उत्तर त्यांच्या भावाने दिलं. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता, फुलांचा आणि पालेभाजीचा. वरून विमान गेलं की त्यांचे वडील खुरपं टाकून, कपाळावर हात धरून, विमान दिसेनासं होईपर्यंत उभे राहत. मळ्यात कामाला आलेली बायकामाणसंही उभी राहत. "ताई तेवढी वर बघायची नाही," भाऊ म्हणाला. "ती मातीत बघायची. म्हणायची, एवढं मोठं जातंय, काहीतरी खाली पडत असेल."

त्या स्वतः मात्र विमानात बसत नसत. दिल्लीला डॉक्टरांचं संमेलन असलं तरी रेल्वेने जात. भीती वगैरे नव्हती. "आत बसलं की विमान दिसत नाही," एवढंच.

मॅडमना सगळ्यात जास्त हवा असलेला तुकडा त्या भिंतीवर नव्हता.

पन्नासएक वर्षांपूर्वी एक लढाऊ विमान पेठ-हरसूलच्या डोंगरात पडलं होतं. चालवणारा तरुण मुलगा गेला. सरकारी माणसं येऊन बहुतेक अवशेष घेऊन गेली. त्या विमानाची गोष्ट मॅडमनी लहानपणी घरात ऐकली होती, कारण पडायच्या थोडं आधी ते त्यांच्या मळ्यावरून गेलं होतं, असं वडील सांगत. खरंखोटं कुणास ठाऊक. मॅडमही तेच म्हणत, "खरंखोटं ठाऊक नाही." पण त्या विमानाचा एक तरी तुकडा मिळावा म्हणून त्या वर्षानुवर्षं कान टवकारून होत्या.

हरसूलकडच्या आश्रमशाळेतले एक शिक्षक अक्कलदाढ काढायला आले, तेव्हा भूल चढेपर्यंत भिंतीकडे बघत बसले होते. म्हणाले, "आमच्या शाळेच्या पलीकडच्या पाड्यावर एका आजीच्या घरात असला पत्रा आहे. विमानाचा म्हणतात." मॅडमचा हात थबकला. दाढ काढून झाली, रक्त थांबलं, आणि तोंडात कापूस असलेल्या त्या मास्तरांकडून मॅडमनी खाणाखुणांनी रस्ता काढून घेतला. त्याच रविवारी मला गाडीत घातलं. "तू चल. बायका दोघी असल्या की बरं पडतं."

त्र्यंबक मागे टाकलं की रस्ता वळणावळणाचा होतो. हरसूलला बाजाराचा दिवस नव्हता, त्यामुळे शुकशुकाट होता. पुढे गाडी शाळेपाशी ठेवून चालत गेलो. कुडाचं घर, सारवलेलं अंगण, अंगणात नागली वाळत घातलेली. आजी साठी उलटलेल्या असतील, काटक, बोलायला मोकळ्या. मॅडमनी पत्र्याचं विचारताच त्यांनी आत नेलं. कोपऱ्यात बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली कणगी होती, भात ठेवायची. तिच्यावर झाकण म्हणून तो पत्रा. ताटापेक्षा बराच मोठा, एका बाजूला वळलेला, त्यावर दगड.

मॅडमनी विचारून दगड उचलला. पत्रा उलटा केला. भिंग डोळ्यांवर घेतलं. काठाला ओळीने बारीक, सपाट डोक्यांचे रिव्हेट होते, एकही कमीजास्त नाही. आतल्या बाजूला तो पिवळट हिरवा थर. कोपऱ्यात ठोकलेले आकडे. मॅडम तळहात पत्र्यावर ठेवून बसून राहिल्या, पेशंटचा ताप बघावा तशा.

"आजी," शेवटी त्या म्हणाल्या, "हा मला द्याल? याच्या बदल्यात मी चांगलं घट्ट बसणारं झाकण करून आणते. उंदीर शिरणार नाही."

"उंदीर आतापण शिरत नाय," आजी म्हणाल्या.

"मी नीट जपून ठेवीन."

"मी काय फेकून दिलाय?" आजी हसल्या. मग म्हणाल्या, "हे त्या पोऱ्याचं हाय. आयनं सांगून ठेवलंय, इकायचं नाय. त्याच्या घरचं कुणी आलं तं द्यायचं. तू त्याची कोण?"

मॅडमना त्या क्षणी काहीही सांगता आलं असतं. आत्या, मावशी, काहीही. आजीने विश्वास ठेवला असता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"कुणी नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग च्या घे आन जा," आजी म्हणाल्या, आणि चुलीकडे वळल्या.

परत येताना त्र्यंबकला आल्यावर मॅडम म्हणाल्या, "खरा आहे गं. इतका खरा तुकडा मी आजवर हातात धरला नव्हता." नंतर महिनेच्या महिने त्या आठवण काढत. दुसऱ्या कशाला हात लावताना म्हणत, "ठीक आहे. पण हरसूलचा तो हरसूलचा." एकदा मी म्हटलं, पुन्हा जाऊन विचारूया का? त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

पुढच्या वर्षी हिवाळ्यात, एका शुक्रवारी सकाळी, पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ आले. सांगलीकडून आले होते. दात दुखत नव्हते. आईच्या अस्थी घेऊन रामकुंडावर आले होते. ज्या गुरुजींकडे उतरले होते त्यांची कवळी मॅडमनी बसवलेली, आणि त्या गुरुजींनीच इकडे पाठवलं होतं.

पिशवीतून त्यांनी खणात गुंडाळलेली एक पुडी काढली. खणाला हळदीकुंकवाचे डाग होते. आत तळहाताएवढा पत्र्याचा तुकडा, त्यावरही कुंकवाचा थर.

"माझा थोरला भाऊ वैमानिक होता," ते म्हणाले. "इकडे पेठ-हरसूलच्या डोंगरात गेला. मी तेव्हा शाळेत होतो. त्याचा मित्र सांत्वनाला आला होता. आई त्याला म्हणाली, माझ्या पोराचं काहीतरी आणून दे. महिन्याभराने तो हा तुकडा घेऊन आला. तेव्हापासून हा आमच्या देवघरात आहे. आई रोज पूजा करायची. जाताना म्हणाली, मला नाशिकला सोडा, तो तिकडेच आहे. आणि हा तुकडाही माझ्याबरोबर सोडा."

मी टेबलामागे उभी होते. बाकड्यावरचे पेशंटही ऐकत होते.

"पण काल कुंडावर हात पुढे होईना," ते म्हणाले. "अस्थी तशाच ठेवल्या. घरात त्याचं एवढंच आहे. हेही सोडलं की काही राहणार नाही. गुरुजी म्हणाले, सोडायच्या आधी एकदा या बाईंना दाखवा. खरा आहे ना, एवढं सांगा."

मॅडमनी तुकडा हातात घेतला. उलटा केला. मला वाटलं, आता सळई घेतील. त्यांनी सळईला हात लावला नाही. भिंगही कपाळावरच राहिलं. नुसत्या बघत होत्या. मी इतकी वर्षं त्यांना पाहत होते. खरं असो, खोटं असो, त्यांचं उत्तर हात धुवायच्या आत यायचं. त्या दिवशी ते आलंच नाही.

"परतीची घाई आहे का?" त्यांनी विचारलं.

"आज संध्याकाळची गाडी आहे."

"रविवारपर्यंत थांबता येईल? मला तुम्हाला एका ठिकाणी न्यायचंय. तुमचा भाऊ पडला तिथे."

गृहस्थ खाली बसले. ज्या खुर्चीवर बसले ती कोपऱ्यातली, पट्ट्यांची खुर्ची होती. त्यांच्या ते लक्षात आलं नाही. कुणी त्यांना उठायला सांगितलं नाही.

रविवारी आम्ही तिघं निघालो. ते पुढे, मी मागे. वाटेत त्यांनी दोनदा विचारलं, "मॅडम, तुकड्याचं तुम्ही काही बोलला नाहीत." एकदा मॅडमनी गिअर बदलला. दुसऱ्यांदा म्हणाल्या, "पोचू द्या." मला त्यांचा राग आला होता. पत्रा मिळवायची ही वाट त्यांना सापडली, घरचा माणूस मिळाला, असं माझ्या मनात येत होतं. नंतर कळलं की तसं काही नव्हतं, पण तेव्हा आलं खरं.

आजींनी मॅडमना ओळखलं. "परत आलीस?"

"आजी, त्याच्या घरचं माणूस आणलंय," मॅडम म्हणाल्या. "धाकटा भाऊ."

आजी त्या गृहस्थांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. मग आत गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी स्वतः दगड बाजूला केला आणि पत्रा उचलून त्यांच्या हातात दिला. कणगीतला भात उघडा पडला.

गृहस्थांनी पत्रा दाराच्या उजेडात नेला. बोटांनी रिव्हेट चाचपले. मग पिशवी उघडली, खण सोडला आणि तो तळहाताएवढा तुकडा पत्र्यावर ठेवला. आता भिंगाची गरजच नव्हती. तुकडा जाड होता, खरबरीत. त्याला रिव्हेट नव्हते, एका कोपऱ्यात नटाचं मोठं भोक होतं, कडेला गंज धरला होता. पत्र्यावर एवढ्या वर्षांत गंजाचा ठिपका नव्हता.

"मॅडम," ते म्हणाले, "हा त्यातला नाही."

"नाही."

"विमानाचाच नाही का?"

"नाही. एखाद्या ट्रकच्या बॉडीचा असेल."

"तुम्हाला शुक्रवारीच कळलं होतं?"

"हातात घेतल्या घेतल्या."

"मग सांगितलं का नाहीत?"

मॅडम उंबऱ्यापाशी उभ्या होत्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. "तेव्हा माझ्याकडे तुम्हाला दुसरं काही द्यायला नव्हतं," त्या म्हणाल्या. "नुसतं काढून घ्यायचं जमेना."

गृहस्थ अंगणात, नागलीच्या कडेला बसले. रडले नाहीत. तो तुकडा हातात उलटासुलटा करत राहिले. "पन्नास वर्षं," एकदाच म्हणाले. "पन्नास वर्षं ती या पत्र्याला कुंकू लावत होती." भावाच्या त्या मित्राला त्यांनी नावं ठेवली नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "त्यालाही काही मिळालं नसेल. आईला नाही कसं म्हणणार?"

आजी त्यांच्या शेजारी येऊन जमिनीवर बसल्या.

"मी तवा बारकी होते," त्या म्हणाल्या. "लय मोठा आवाज आला. आमी समदी पळालो. आय नाय पळाली. ती तिकडं गेली." त्यांनी समोरच्या टेकडीच्या उताराकडे बोट केलं. तिथे आता वरईचं रान होतं, कापलेलं. "पोऱ्या बाजूला पडला व्हता. जीव नव्हता. आयनं आंगावरचं फडकं काढलं आन त्याला झाकलं. मंग तिथंच बसली. पेठंहून मानसं येईस्तवर बसली. कावळे येत व्हते, कुत्री येत व्हती. काठी घेऊन हाकलत व्हती. बा म्हनला, चल घरी, आपला कोण तो? आय म्हनली, कुनाचा तरी हाय ना. एकला कसा टाकू?"

एक कोंबडी नागलीवर आली तेव्हा तिला कुणी हाकललं नाही.

"म्हणजे तो एकटा नव्हता," गृहस्थ म्हणाले.

"नाय. आय व्हती."

"आई आयुष्यभर तेच विचारायची," ते म्हणाले. "सगळ्यांना विचारायची, त्याच्याजवळ कोण होतं? कुणाला सांगता यायचं नाही."

मग त्यांनी आजींना त्यांच्या आईचं नाव विचारलं. आजींनी सांगितलं. ते नाव त्यांनी दोनदा मनाशी म्हणून पाहिलं, लिहून घेतलं नाही. उठले. पत्रा दोन्ही हातांनी उचलून आत नेला आणि कणगीवर ठेवला. दगडही ठेवला.

"ने ना," आजी म्हणाल्या. "तुझंच हाय. आयनं सांगितलंय."

"तुमचा भात उघडा पडेल," ते म्हणाले. "राहू द्या. इथं त्याची सोय चांगली आहे."

मी मॅडमकडे बघितलं. इतक्या वर्षांची त्यांची इच्छा त्या दगडाखाली परत गेली होती. गृहस्थांनी तो घेतला असता तर एखाद वेळी पुढे तो भिंतीवरही आला असता, हे त्यांना कळत नसेल असं नाही. त्या वाकल्या, पत्र्याचा एक कोपरा थोडा उचललेला राहिला होता तो दाबून नीट बसवला, आणि म्हणाल्या, "चला. आजी, चहा पिऊनच जाऊ."

परत येताना त्र्यंबकजवळच्या आंबोलीच्या घाटाखाली गाडी थांबवली. तेव्हा गृहस्थांनी विचारलं, "आता याचं काय करू? आई म्हणाली होती बरोबर सोडा. पण तिला वाटत होतं तो त्याच्या विमानाचा आहे."

"विमानाचा नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पन्नास वर्षं तुमच्या आईच्या हातातला आहे. हे कुंकू तिनेच लावलेलं आहे ना? त्यात तर काही शंका नाही. तिचा आहे, तिच्याबरोबर जाऊ द्या."

सोमवारी सकाळी मॅडमनी दवाखाना उघडला नाही. दारावर पाटी लावली आणि मला म्हणाल्या, "रामकुंडावर जाऊ." आम्ही पायऱ्यांवर जरा मागे उभ्या राहिलो. गुरुजींनी नाव विचारलं, गोत्र विचारलं. गृहस्थांनी आईचं नाव सांगितलं. अस्थी सोडल्या. खणासकट तो तुकडा सोडला. तो लगेच खाली गेला.

गुरुजी आवरायला लागले तेव्हा ते म्हणाले, "अजून एक नाव आहे."

"कुणाचं?"

त्यांनी आजींच्या आईचं नाव सांगितलं.

"गोत्र?"

"माहीत नाही."

"आपल्या कोण लागत होत्या?"

गृहस्थ ओंजळीतल्या पाण्याकडे बघत राहिले. "माझ्या भावाजवळ बसल्या होत्या," ते म्हणाले.

गुरुजींनी त्यांच्याकडे पाहिलं, पुढे काही विचारलं नाही, आणि ते नाव मंत्रात घेतलं. मॅडमनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. मला म्हणाल्या, "काच खराब झालीये याची."

गृहस्थ त्याच संध्याकाळी गेले. पुढे दर हिवाळ्यात ते पाड्यावर जाऊन येत, वाटेत दवाखान्यात डोकावत, आणि आजींनी दिलेल्या भातातला थोडा मॅडमना देऊन जात. मॅडम तो वर नेऊन शिजवत. त्याचं त्यांनी प्रदर्शन केलं नाही.

पण रामकुंडावरून आलो त्या दुपारी एक गोष्ट झाली. मॅडमनी हातोडी मागितली आणि भिंतीवर, बरोबर मधोमध, सगळ्यांच्या नजरेत येईल अशी, एक खिळा ठोकला. त्याला काहीच अडकवलं नाही. मला वाटलं, नवीन काही आणणार असतील. आठवडे गेले, महिने गेले, आजूबाजूला वस्तू वाढत गेल्या, दाटी झाली. खिळ्याभोवतीची जागा त्यांनी कुणाला दिली नाही.

नवे पेशंट हटकून विचारायचे. खुर्चीत आडवे पडून, तोंडात आरसा असतानाही उघड्या दारातून बोटाने दाखवायचे, की बाई, तिथलं काय झालं, चोरीला गेलं का?

"नाही हो," मॅडम दिवा जवळ ओढत म्हणायच्या. "आमच्याकडचा सगळ्यात खरा तुकडा आहे तो. हरसूलकडे असतो. वापरात आहे. मोठा आ करा."